ताट चांगले, तारीख चुकलेली : मेळघाटातील अंगणवाडीच्या आहारसेवेचे परीक्षण

धारणी आणि चिखलदरा या अमरावती जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुक्यांत अंगणवाडीमार्फत गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुले यांना जो आहार दिला जातो, त्याचे हे परीक्षण आहे. सरकारी योजनेची तपासणी सहसा अहवालांतून होते आणि त्यांत लाभार्थ्यांची संख्या, खर्ची पडलेला निधी व उद्दिष्टाची टक्केवारी यांपलीकडे फारसे काही नसते. खानावळीत जेवून आलेला माणूस चव, माप, वाढण्याची रीत, वेळ आणि दर यांबद्दल जसे बोलतो, तसे या सेवेबद्दलही बोलले जावे, असे मला वाटत आले आहे. तिची गिऱ्हाइके तक्रारवहीत काही लिहीत नाहीत, एवढ्यावरून ती समाधानी आहेत असे धरणे सोयीचे असले तरी खरे नाही. माझे मत आधीच सांगून टाकणे बरे : शिजवून वाढले जाणारे जेवण चांगले आहे, काही ठिकाणी तर फारच चांगले आहे, पाकिटातला कोरडा आहार सुमार आहे, आणि या दोन्हींचे वेळापत्रक मेळघाटातल्या कुटुंबांच्या वर्षाशी जुळत नाही, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे.

मेळघाट म्हणजे सातपुड्यातील गाविलगडाच्या रांगा. वस्ती मुख्यतः कोरकूंची. त्यांच्याबरोबर गोंड, निहाल, गवळी. १९९३ साली येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेव्हापासून ‘मेळघाट’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत कुपोषणाला जोडूनच येतो. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आले, न्यायालयाच्या सुनावण्या होत राहिल्या, मंत्र्यांचे दौरे होत राहिले. अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना तर १९७५ पासून आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे प्रमाण २५.६ टक्क्यांवरून तसूभरही हलले नाही. देशाची सरासरी याच काळात १९.३ टक्के झाली होती. आपल्यासारख्या सधन म्हणवणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत आणि त्यांत शहरेही धरलेली आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

प्रथम जेवणाबद्दल. १ डिसेंबर २०१५ पासून राज्याच्या अनुसूचित क्षेत्रांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा स्त्रीला महिन्यातून २५ दिवस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण, असे तिचे स्वरूप आहे. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ किंवा उसळ, हिरवी पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि अंडे किंवा केळे. कागदावर हे ताट जितके चांगले दिसते, तितकेच ते प्रत्यक्षातही चांगले असू शकते, हे मी पाहिले आहे. मी जेथे जेवलो त्या अंगणवाडीत मदतनीस बाईंनी ज्वारीच्या भाकरी चुलीवर टाकल्या होत्या, तुरीचे वरण पातळ होते पण त्याला लसणाची फोडणी होती आणि अंबाडीच्या भाजीत तेल कमी व तिखट जास्त होते. लाडू मात्र उत्तम होता. दाणे घरी भाजून, सालासकट कुटून, गुळात वळलेला असा लाडू पुण्या-मुंबईच्या मिठाईच्या दुकानात मागून मिळणार नाही. जेवायला बसलेल्या स्त्रिया सुरुवातीला संकोचून होत्या; घरातल्या सर्वांच्या आधी आणि पोटभर जेवण्याची सवय तेथे सुनेला नसते, इतरत्रही फारशी नसते.

पंगतीत बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी अहवालात दिसणार नाही. एका बाईने उकडलेले अंडे सोलले, टरफल बाजूला ठेवले आणि अंडे न खाता पदराच्या टोकात बांधले. सेविकेने तिला येथेच खा म्हणून सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, “घर में दूसरा भी है ना, बाई.” सेविकेने पुढे काही म्हटले नाही. योजनेच्या हिशेबात ते अंडे त्या गरोदर स्त्रीच्या पोटात गेले आहे. प्रत्यक्षात ते घरातल्या चार वर्षांच्या मुलाकडे गेले, कदाचित त्याचेही दोन भाग झाले. हे गैरवर्तन नव्हे. घरात अन्न कमी असताना कोणतीही आई हेच करील. जेवण घरी न देता अंगणवाडीत बसवून वाढायचे, हा या योजनेतला सर्वांत शहाणा निर्णय आहे, आणि तोही येथे अर्धाच यशस्वी होतो. २०१६ पासून सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांनाही आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी देण्याची सोय झाली, तेव्हा ‘दूसरा’ही कागदावर या सेवेत आला. परंतु त्या गावात त्या आठवड्यात अंडी पोहोचलीच नव्हती. जी होती ती मातांपुरती होती.

अंडी का पोहोचत नाहीत, याचे उत्तर दरात आणि रस्त्यात आहे. मातेच्या जेवणासाठी सुरुवातीला २२ रुपये धरलेले होते, ते पुढे ३५ रुपयांपर्यंत वाढवले गेले; मुलाच्या अंड्यासाठी पाच आणि नंतर सहा रुपये. थंडीत अंड्याचा भाव चढतो, घाटातल्या रस्त्याने आणताना काही फुटतात, आणि फुटलेल्या अंड्याला सरकारी खात्यात रकाना नाही. निधी वेळेवर आला नाही की सेविका किराणा दुकानातून उधारीवर तेल-डाळ उचलते, आणि दुकानदार उधारीचा भाव रोखीच्या भावाने लावत नाही. मी ज्या सेविकेशी बोललो तिच्या नावावर दुकानात जी बाकी होती, ती तिच्या मानधनाच्या मानाने मोठी होती. तिने आकडा सांगितला, पण लिहू नका म्हणाली. गावाच्या पोषणाचा हप्ता एका बाईच्या व्यक्तिगत उधारीवर चालतो, ही या सेवेची आर्थिक रचना आहे, आणि ती कोणी ठरवून केलेली नसली तरी वर्षानुवर्षे चालू दिलेली आहे.

आता पाकिटाबद्दल. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरी न्यायचा कोरडा आहार असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यातून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरवले होते, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी. २०१७ मध्ये केंद्राने यासाठी ठरवलेला दर साध्या मुलासाठी दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये होता. करोनाच्या काळात पाकिटांऐवजी गहू, डाळ, तेल, मीठ, हळद, तिखट असा शिधा वाटला गेला आणि माझ्या ऐकण्यात तरी त्या शिध्याबद्दल लोक आजही बरे बोलतात, कारण तो घरच्या स्वयंपाकात मिसळत होता. पाकिटातले पीठ मिसळत नाही. मी ते पाण्यात शिजवून पाहिले. भाजलेल्या सोयाबीनचा उग्र वास येतो, नीट ढवळले नाही तर गुठळ्या होतात आणि थंड झाल्यावर ते घट्ट बसते. मुलाने दोन चमचे खाल्ले आणि तोंड फिरवले. मोठ्या माणसांना ते आवडावे अशी अपेक्षा नाही, पण ज्याच्यासाठी ते केले आहे त्याने तरी खावे. गुरांच्या आंबोणात पाकीट रिकामे केलेले मेळघाटात पाहायला मिळते आणि त्याबद्दल आदिवासींच्या अज्ञानाला दोष देण्याची पद्धत आहे. ज्यांनी ते पीठ ठरवले त्यांनी ते महिनाभर आपल्या नातवंडांना द्यावे आणि मग बोलावे.

या पाकिटामागे मोठा इतिहास आहे. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. काम गावातल्या महिलांच्या गटांनी करावे, हा त्यामागचा विचार. तरीही महाराष्ट्रात मोठमोठ्या निविदा निघत राहिल्या, गटांच्या नावाआड कारखानदार उभे राहिले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या निविदा रद्द ठरवल्या. जे अन्न शेकडो किलोमीटर दूर तयार होऊन ट्रकने यायचे, त्याला टिकाऊपणा हा पहिला गुण लागतो आणि चव शेवटचा. गावात दळलेल्या पिठाला उलट क्रम चालतो.

परंतु अन्न गावात आले तरी ते मुलापर्यंत वर्षातले किती महिने पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. मेळघाटातली शेती पावसावरची आहे. खरिपाचे सोयाबीन, मका, ज्वारी निघाली की पुढे शेतात काम नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे डोंगर उतरतात : परतवाडा, अचलपूर, अकोट, अमरावती, सीमेपलीकडे बऱ्हाणपूर आणि खंडवा. कापूस वेचणे, हरभरा काढणे, वीटभट्टी, बांधकाम. होळीला मात्र कोरकू माणूस कोठेही असला तरी गावी येतो, कारण होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. आणि होळीचे दिवस संपले की पुन्हा निघतो, तो मृगाच्या तोंडावर परततो. म्हणजे ज्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आहे, ते मूल वर्षातले चार-सहा महिने कोणत्या तरी भट्टीजवळच्या पालात किंवा शेताच्या बांधावर झोळीत असते. तेथे त्याला कोणती अंगणवाडी मिळते? नियमाप्रमाणे जेथे मूल असेल तेथील अंगणवाडीने त्याला आहार द्यायचा आहे. प्रत्यक्षात भट्टी गावाच्या शिवारात दूर असते, आई पहाटेपासून कामावर असते आणि त्या गावच्या सेविकेकडे आधीच आपल्या पटापुरतेच धान्य असते.

जूनमध्ये हे मूल परत येते तेव्हा ते खंगलेले असते, आणि नेमके तेव्हाच घरातले धान्य संपलेले असते. पेरणीसाठी उसनवारी झालेली असते. पाऊस सुरू होतो, आई निंदणीला जाते, तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. नाल्याचे पाणी गढूळ होते, हगवण लागते, मग न्यूमोनिया. कुपोषण आणि आजार एकमेकांना ओढत नेतात : आजारी मूल खात नाही, न खाल्लेले मूल पुन्हा आजारी पडते. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘कुपोषण’ क्वचितच लिहिले जाते आणि शासन ते अभिमानाने सांगते; पण पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बातमीदार पावसाळ्यात मेळघाटात येतात कारण मृत्यू तेव्हा होतात. त्या मृत्यूंची तयारी मात्र मार्च ते मे या महिन्यांत, डोंगराखाली, कोणाच्याही नजरेत न येता झालेली असते.

वर्षभराच्या या क्रमापुढे ग्राम बाल विकास केंद्र ठेवून पाहावे. तीव्र कुपोषित मूल सापडले की त्याला गावातच तीस दिवस ठरावीक अंतराने, दिवसातून अनेक वेळा, अधिक उष्मांकाचा आहार आणि औषधे देण्याची ही व्यवस्था आहे. तिची कल्पना मला फार आवडते. वर्षाच्या मुलाचे पोट लहान असते. दोन वेळा भाकरी-वरण देऊन त्याची गरज भागत नाही, त्याला तीन-चार वेळा मऊ आणि तेल-तूप घातलेले अन्न लागते. डोंगरातल्या घरात अन्नाच्या तुटवड्याइतकेच हे भरवणाऱ्या हातांचे आणि वेळेचे दुर्भिक्ष असते, आणि या केंद्रात ते हात मिळतात. मोड आणलेल्या धान्याचे पीठ लापशीत घातले की ती पातळ होते आणि त्यामुळे मूल अधिक खाऊ शकते, हे छोटे शास्त्र सेविका सराईतपणे वापरतात. दंडाला गुंडाळायची तिरंगी पट्टी त्यांच्या हातात अशी फिरते की पाहत राहावे : साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली तर लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. एका सव्वा वर्षाच्या मुलीच्या दंडावर ती लाल भागातच थांबली, तेव्हा सेविकेने ती सोडून पुन्हा लावली, जणू दुसऱ्यांदा वेगळे उत्तर येईल.

तीस दिवसांत बहुतेक मुलांचे वजन वाढते. त्यानंतर मूल त्याच घरी, त्याच चुलीजवळ परत जाते, आणि दिवाळी आली की डोंगर उतरते. पुढच्या वर्षी तेच नाव त्याच यादीत पुन्हा दिसते. शिवाय निधी आणि आदेश आले की केंद्र उघडायचे, हा रिवाज असल्यामुळे ते कधी कधी अशा वेळी उघडते, जेव्हा गावात म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी उरलेली असतात. ही अतिशयोक्ती वाटेल त्यांनी जानेवारीच्या शेवटी एखाद्या पाड्यावर जाऊन यावे.

केंद्रातही न सुधारणारे मूल रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे असते. सेवेच्या या भागाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तेथील उपचार चांगला असतो आणि अडचण उपचाराच्या बाहेरची असते. चौदा दिवस आईने मुलाजवळ राहायचे तर घरातल्या इतर मुलांना कोण पाहणार आणि मजुरी कोण भरून देणार? बुडीत मजुरीची तरतूद आहे, पण ती हाती पडेपर्यंत आई कंटाळून निघून गेलेली असते. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेथील कर्मचाऱ्यांना कोरकू येत नाही, बाईला मराठी धड येत नाही, आणि दोघांची तुटपुंजी हिंदी सलाईन, तपासणी, सुट्टी अशा शब्दांवर अडते. याच कारणाने पोट फुगलेल्या बाळाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे, नेले जाते आणि तो तापल्या विळ्याने पोटावर डंबा, म्हणजे चटका, देतो. डंब्याचे छायाचित्र छापून हळहळणे सोपे आहे. भूमका पायी जाण्याइतक्या अंतरावर असतो, आईच्या भाषेत बोलतो आणि रात्री दोन वाजताही दार उघडतो, या तीन गोष्टींत त्याच्याशी स्पर्धा करणे कठीण आहे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी जे काम उभे केले, त्याच्या मुळाशी तेथेच राहणे होते.

या सेवेने एका कारणाला अजून हातच घातलेला नाही, ते म्हणजे शेत आणि जंगल. जुनी कोरकू शेती कुटकी, कोदो, सावा अशा भरडधान्यांची होती; ती उतारावर, हलक्या जमिनीवर येतात आणि वर्षानुवर्षे कणगीत टिकतात. सोयाबीन आले, रोख पैसा दिसला आणि खाण्याचे धान्य विकत किंवा रेशनवर घेण्याचे झाले. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, त्यामुळे पोट भरते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डाळ मिळत नाही, तेल मिळत नाही. व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ पासूनचा; त्याच्या नियमांमुळे मोहफूल, कंद, मासे, खेकडे, रानभाज्या यांच्यापर्यंतची वाट अरुंद होत गेली, आणि कोरकू ताटातला जो प्राणिज व हिरवा भाग होता तो याच वाटेने येत असे. अमृत आहाराच्या ताटात कुटकीचा भात वाढायला कोणाची हरकत असावी? पौष्टिक भरडधान्यांचे गोडवे गाणाऱ्या परिषदा शहरात भरतात, आणि ज्या गावात ती पिकत होती तेथील अंगणवाडीत ट्रकने तांदूळ येतो.

नोंदींच्या ॲपबद्दल दोन वाक्ये पुरेत. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला, आता आहार घेणाऱ्याचा चेहरा ओळखून नोंद करायची अट आली आहे. आणि नेटवर्कसाठी सेविका मोबाइल घेऊन टेकडीवर चढते, तेवढा वेळ चुलीवरचे वरण मदतनीस बाईंच्या भरवशावर असते. यात लबाडी थांबत असेल तर ती कोठे थांबते, हे मला तरी दिसले नाही. चिखलदऱ्याला पावसाळी सहलीस जाताना वाटेत मुलांना बिस्किटांचे पुडे वाटणाऱ्या पर्यटकांनीही जाता जाता ऐकावे की तो पुडा संपल्यावर मूल संध्याकाळी जेवत नाही.

सेवा सुधारायची तर माझ्या मते ताटाला हात लावण्याची फारशी गरज नाही. दर बाजारभावाशी जोडावा आणि निधी महिन्याच्या आधी पोहोचवावा, एवढे पुरे. बदल वेळापत्रकात हवा. ग्राम बाल विकास केंद्रे मृगाच्या आधी आठवडाभर सज्ज असावीत आणि दिवाळीपूर्वी पुन्हा एकदा चालावीत, म्हणजे मूल डोंगर उतरताना अंगावर थोडे मांस घेऊन उतरेल. होळीचे आठ दिवस सर्व मुले गावात असतात; वजन-उंचीची मोहीम त्या दिवसांत घेतली तर एकही मूल सुटणार नाही, पण आज त्या दिवसांत कर्मचारी सुट्टीवर असतात. रोजगार हमीची कामे मेळघाटात मोठ्या प्रमाणावर निघतात. त्यांची मजुरी वेळेवर मिळाली तर पुष्कळ कुटुंबे उतरणारच नाहीत, आणि ती हातात येईपर्यंत वाट पाहण्याची ताकद नसल्यामुळेच ती उतरतात. स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली राज्याने अलीकडे आणली आहे; तिच्यात नाव असलेल्या प्रत्येक मुलामागे भट्टीच्या गावातील अंगणवाडीला वाढीव धान्य आपोआप मिळाले पाहिजे, नाहीतर ती नुसती आणखी एक यादी होईल. आणि भट्टीमालकाने मुलांच्या पाळणाघरासाठी एक सावलीची झोपडी व एक बाई द्यावी, ही अट परवान्यातच घालता येते. यातले काहीही खर्चिक नाही. त्या सव्वा वर्षाच्या मुलीचे आईवडील पेरणी झाल्यावर गावातच होते आणि केंद्र चालू होते, म्हणून तिच्या दंडावरची पट्टी पुढे पिवळ्या भागात सरकली. शेजारच्या पाड्यावर त्या महिन्यात केंद्र उघडले नव्हते, कारण आदेश आला नव्हता.